खडीच्या खाणींवर तुम्ही काय पाहता?

सुटीच्या दिवशी दुर्बीण घेऊन मी इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या थीलच्या जुन्या खडीच्या खाणींवर का जातो, पक्षी पाहायचे तर भारतात आल्यावर भिगवणला का जात नाही, हा प्रश्न रेडिंगमधले मराठी स्नेही आणि इकडे येणारे नातलग मला सतत विचारतात. यंत्रांनी उकरलेल्या खड्ड्यात साचलेले पाणी म्हणजे निसर्ग नव्हे, हा त्यामागचा अर्थ मला कळतो. पण भिगवणचे पाणी तरी उजनी धरणाचा फुगवटाच आहे, आणि म्हणून तिथल्या रोहित पक्ष्यांना कुणी कमी लेखत नाही.

केनेट नदीच्या खोऱ्यात हिमयुगात साठलेली खडी काँक्रीटसाठी उपसली गेली, पंप बंद झाले, भूजल वर आले आणि ही तळी झाली. टोप्यांवरील पिसांच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधून जवळजवळ नाहीशी झालेली तुरेवाली मोठी टिबुकली संरक्षण मिळाल्यावर अशाच तळ्यांवर पसरली. आपल्याकडे नदीपात्रातल्या गोट्यांत अंडी घालणाऱ्या छोट्या कंठेरी चिखल्याची ब्रिटनमधली पहिली वीण १९३८ साली ट्रिंगच्या जलाशयावर नोंदली गेली. पुढे त्याला देशभर जागा मिळाली ती मुख्यतः खाणींमधल्या उघड्या खडीवर.

एप्रिलमधल्या एका दिवशी सकाळी टिबुकल्यांची एक जोडी बुडी मारून चोचीत पाणवनस्पती घेऊन वर आली आणि छातीला छाती भिडवून, पाय मारत पाण्यावर उभी राहिली. त्यानंतर मी पलीकडच्या खाणीतल्या वाळूच्या कड्याकडे गेलो. सहाराच्या दक्षिणेकडून येणाऱ्या सँड मार्टिन, म्हणजे जेमतेम चौदा ग्रॅम वजनाच्या पाकोळ्या, त्या कड्यात पायांनी वाळू उकरून हातभर खोल बिळे करत असत. कडा तिथे नव्हता. त्याचा उतार करून त्यावर गवताचे बी पेरले होते. पाकोळ्या मात्र आल्या होत्या. जिथे बिळांची तोंडे असायची, बरोबर त्याच उंचीवर, आता जिथे नुसती हवा होती, तिथे एकेक पाकोळी पाय पुढे काढून क्षणभर थबकायची, खाली घसरायची आणि वळून पुन्हा यायची. मी दुपारपर्यंत तिथेच उभा होतो.

कामावरच्या मुकादमाला मी विचारले, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले की उभा कडा फिरायला येणाऱ्यांवर कोसळू शकतो, खाण बंद करताना उतार करणे ही परवान्यातली अट आहे, आणि काम फेब्रुवारीत, पक्षी येण्याआधी उरकले होते. ब्रिटनचा १९८१ चा वन्यजीव कायदा वापरातल्या किंवा बांधल्या जात असलेल्या घरट्यांना संरक्षण देतो. फेब्रुवारीत ती बिळे रिकामीच होती. त्याचे एकही वाक्य मला खोडता आले नाही, आणि तरीही जे झाले ते मला आजही मान्य नाही.

नव्या खाणींना विरोध करणाऱ्या अर्जांवर पूर्वी सह्या करणारा मी इथे मला अडवतो आणि विचारतो, की मग खणणे चालूच राहावे असे तुझे म्हणणे आहे का? तसे नाही. पुण्याभोवतालच्या टेकड्या फोडून खडी काढणाऱ्या खाणींचे समर्थन मी कधीही करणार नाही, कारण फोडलेली काळ्या पाषाणाची टेकडी पुन्हा उभी राहत नाही. पण नदी पूर्वी दर पुरात जो ताजा कडा कापून द्यायची, तो आता काठ बांधून काढलेली नदी देत नाही. खोदयंत्र देते, आणि खाणीवर झाडी वाढली की तोही जातो. उरलेल्या वाळूचा थोडासा भाग दर हिवाळ्यात पुन्हा उभा तासावा, अशी लेखी विनंती मी केली आहे. माणसाने वर्षानुवर्षे तासून द्यायच्या कड्याला निसर्ग म्हणावे का, असे तुम्ही पुढे विचाराल. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि ती विनंतीही मी मागे घेणार नाही.