नाडी ४२

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट आहे. वेस्टर्न कॅन्ससमधलं आमचं क्लिनिक, म्हणजे अख्ख्या काउंटीत मी एकटी डॉक्टर आणि सोबत एक नर्स प्रॅक्टिशनर, बस. कार्डिऑलॉजिस्टकडे जायचं तर गाडीने पावणेदोन तास. त्या महिन्यात फोर्थ इयरची एक मेडिकल स्टुडंट माझ्याकडे रोटेशनला आली होती. हुशार तर होतीच, पण पेशंट बोलत असताना ती स्क्रीनकडे न बघता पेशंटकडे बघायची, आणि हे शिकवून येत नाही.

साडेदहाला ६१ वर्षांच्या एक बाई आल्या. शेड्यूलवर लिहिलेलं "औषधं रिफिल", वेळ १५ मिनिटं. मुलगी दंडाला धरून आत घेऊन आली. दोन महिन्यांत तीनदा पडल्या होत्या, दोनदा शहरातल्या इमर्जन्सीत जाऊन आल्या, दोन्ही वेळा डोक्याचा सीटी स्कॅन, दोन्ही वेळा नॉर्मल, आणि नाडी थोडी कमी लागली तर ती बीटा ब्लॉकरमुळे (नाडी आणि बीपी कमी करणारं औषध) असणार म्हणून सोडून दिलेली. मुलीने मला दाराबाहेर घेतलं आणि हळूच म्हणाली, डॉक, आईला आता नर्सिंग होममध्येच (इथे म्हणजे वृद्धांची कायमची देखभाल करणारी जागा) ठेवावं लागेल का, मी तिच्यासमोर हे विचारू शकत नाही. आणि रडायलाच लागली.

आत आले तर माझी स्टुडंट बाईंच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत बसलेली, पूर्ण एक मिनिट. मला म्हणाली, "४२." ईसीजी काढला, हार्ट ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) नव्हता, नुसतीच मंद नाडी. आडवं झोपवून बीपी १२८, उभं केल्यावर ९६, आणि बाईंनी पटकन टेबलाची कड पकडली.

मुलीला म्हटलं, घरी जा आणि असेल नसेल ते सगळं औषध घेऊन ये, गोळ्या, व्हिटॅमिन, सगळं. ती प्लास्टिकची पिशवी भरून घेऊन आली, १४ बाटल्या निघाल्या. स्टुडंटने त्या तपासणीच्या टेबलावर ओळीने लावल्या आणि एकेक लेबल वाचायला लागली. दोन बाटल्यांच्या झाकणांवर बाईंनी काळ्या मार्करने लिहून ठेवलं होतं, एकावर "हार्ट", दुसऱ्यावर "बीपी". "हार्ट"वाल्या बाटलीत मेटोप्रोलॉल, म्हणजे तेच बीटा ब्लॉकर, हॉस्पिटलमधून सुटताना दिलेलं. "बीपी"वाल्या बाटलीत टोप्रॉल-एक्सएल, पोस्टाने येणारं. म्हणजे एकच औषध, दोन नावांनी, आणि बाई दोन्ही अगदी न चुकता घेत होत्या. वर झोपेसाठी दुकानातून आणलेली एक गोळी, तिनेही तोल जातोच. बाई म्हणाल्या, "पण मी तर एकही डोस चुकवला नाही." खरंच नव्हता चुकवला हो. त्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

एक बाटली बाजूला काढली, दुसरीचा डोस कमी केला (हे औषध एकदम बंद करायचं नसतं), झोपेची गोळी बंद, तीन दिवसांनी परत बोलावलं. कोणालाही नर्सिंग होममध्ये जायची गरज नव्हती. पण ह्या सगळ्यात माझी पन्नास मिनिटं गेली, बाहेर तीन पेशंट ताटकळलेले आणि माझ्या नर्सचा चेहरा पडलेला.

दुपारी जेवता जेवता स्टुडंटने विचारलं, ह्याचे तुम्हाला पैसे किती मिळतात? मी तिला व्हिजिटचा कोड दाखवला, ९९२१५, चाळीस मिनिटं किंवा जास्त, वर्क आरव्हीयू, म्हणजे डॉक्टरच्या कामाचे पॉइंट, २.८०. मेडिकेअरने (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) १९९२ पासून डॉक्टरच्या प्रत्येक कामाला असे पॉइंट लावलेत आणि प्रायव्हेट इन्शुरन्सवाले पण बहुतेक ह्याच तक्त्यावरून भाव काढतात. मोतीबिंदूच्या साध्या ऑपरेशनला तेव्हा ७.३५ होते. त्यात नंतरच्या ९० दिवसांच्या व्हिजिट धरलेल्या असतात हे मान्य, आणि ते ऑपरेशन फालतू आहे असं मी कधीच म्हणणार नाही, पण ऑपरेशनची वेळ बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत असते. ह्या पॉइंटची शिफारस करणारी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची जी कमिटी आहे तिच्यात स्पेशालिस्ट लोकांचं पारडं पहिल्यापासून जड. म्हणजे पिशवी उघडून बाटल्या वाचणं हे काम स्वस्त आहे असं कोणीतरी बसून ठरवलंय, ते आपोआप झालेलं नाही, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे.

तिने फोन काढून मला एक नोट दाखवली. कर्ज २ लाख ८० हजार डॉलर, सरासरी व्याज साडेसात टक्के, खाली लिहिलेलं "रोज ५७". डॉलर. शिकत असतानाच चढतंय. म्हणाली, मी रोज सकाळी उठले की ५७ वाढलेले असतात. मी म्हटलं अगं पण लोन फर्गिव्हनेस आहे ना, नॉनप्रॉफिटमध्ये काम करत महिन्याचे १२० हप्ते भरले की उरलेलं माफ, शिवाय नॅशनल हेल्थ सर्व्हिस कॉर्प्स आहे, आपल्यासारख्या भागात काम केलं की कर्ज फेडायला मदत करतात. तर म्हणाली, माझी सीनिअर सेव्ह प्लॅनमध्ये (उत्पन्न बघून हप्ता ठरवणारी सरकारी योजना) होती, ह्या उन्हाळ्यात कोर्टाने तो थांबवला, आता तिचे महिने १२० मध्ये मोजलेच जात नाहीयेत. दहा वर्षं सरकारच्या भरवशावर कोण काढणार?

सप्टेंबरमध्येच तिने अ‍ॅनेस्थेशियाच्या रेसिडेन्सीला (एमडीनंतरचं स्पेशालिटीचं ट्रेनिंग) अ‍ॅप्लिकेशन टाकलं होतं. तिथे पगार माझ्या दीड पटीच्या वर. मी तिला एका शब्दाने बोलले नाही, बोलायचा मला अधिकारच नव्हता. मी महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं, फी इतकी कमी होती की कर्ज हा शब्द माझ्या निवडीत कधी आलाच नाही. रेसिडेन्सीनंतर जे-१ व्हिसाच्या वेव्हरवर (ट्रेनिंग संपल्यावर मायदेशी परतायची अट माफ) इथे आले, डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं ह्या अटीवर, दर राज्याला वर्षाला अशा ३० जागा. तीन वर्षं कधीच संपली, मी राहिले, कारण मला हे काम आवडतं आणि मला ते परवडतं. तिला आवडत होतं. परवडत नव्हतं. हा फरक आमच्या दोघींच्या मनाचा नव्हता, दोन देशांच्या फीचा होता. आणि असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेसचाच अंदाज आहे की २०३६ पर्यंत देशात प्रायमरी केअरचे २० ते ४० हजार डॉक्टर कमी पडतील, मग असली पोर आम्ही हातातून का घालवतोय हे मला कोणीतरी समजावून सांगा.

मार्चमध्ये तिचं मॅच झालं, म्हणजे रेसिडेन्सीची जागा ठरली, अ‍ॅनेस्थेशियातच. चांगलीच डॉक्टर होईल ती, ह्यात मला शंका नाही.

ऑक्टोबरमधल्या त्याच आठवड्यात शुक्रवारी बाई परत आल्या होत्या, मुलगी सोबत होती पण दंड धरलेला नव्हता. स्टुडंटची तोवर दुसऱ्या गावी ड्यूटी सुरू झाली होती. अकरा वाजता तिचा मेसेज आला, "नाडी किती?" मी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजलं आणि कळवलं, ६४.