तुम्ही विचारलंत म्हणून : शबनमलासुद्धा?

फाशीच्या शिक्षेविरुद्ध कुठंही बोलले की शेवटी कुणीतरी उठतंच. "मॅडम, बाकी सगळं ठीक आहे. पण शबनम-सलीमचं काय? त्यांनाही फाशी नको?" लग्नाच्या पंगतीत, गावी गेले तर गल्लीत, सगळीकडं हेच. 'हो, त्यांनाही नको' एवढं म्हणून मी आजवर निसटत आले. ते उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे.

घटना तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. उत्तर प्रदेशातलं बावनखेडी, अमरोह्याजवळ, 14 एप्रिल 2008 ची रात्र. घरच्यांना गुंगीच्या गोळ्या, मग कुऱ्हाड. आई, वडील, दोन भाऊ, वहिनी, नात्यातली एक बहीण आणि दहा महिन्यांचा भाचा. भाच्याचा गळा दाबला. हे करणारी, घरच्यांनीच वाढवलेली, एम.ए. झालेली शिक्षिका शबनम, आणि तिच्या जोडीला लाकडं कापणारा तिचा प्रियकर सलीम. लग्नाला घरचा विरोध होता.

'प्रेमापायी केलं बिचाऱ्यांनी' म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. दोघंही सज्ञान होते, घर सोडून जाता आलं असतं. कोर्टात तर ती म्हणाली त्यानं केलं, आणि तो म्हणाला तिनं. 'मुलींना शिकवा, भोगा आता' म्हणणाऱ्यांचा मात्र मला खरोखर संताप येतो. 2008 मध्ये त्या जिल्ह्याचं नाव ज्योतिबा फुले नगर होतं. त्या नावाच्या जिल्ह्यातल्या एका बाईच्या गुन्ह्यावरून कुणी शिक्षणालाच आरोपी करत असेल तर माझ्याकडं त्याच्याशी बोलायला शब्द नाहीत.

पण तुमचा प्रश्न हा नव्हता.

15 मे 2015 ला सर्वोच्च न्यायालयानं दोघांची फाशी कायम केली आणि अवघ्या सहा दिवसांत, 21 मे रोजी, सेशन्स कोर्टानं डेथ वॉरंट, म्हणजे फाशी अमलात आणण्याचा हुकूम, काढलं. फेरविचार याचिकेची मुदत संपलेली नव्हती, दयेचा अर्ज बाकी होता. 27 मे रोजी न्या. सीकरी आणि न्या. लळित यांच्या खंडपीठानं ते वॉरंट रद्द केलं. फाशीची शिक्षा झालेल्या माणसालाही प्रतिष्ठा असते, त्याचे सगळे मार्ग संपेपर्यंत त्याला फासाकडं नेता येत नाही, असं निकालात म्हटलं होतं. नवी वकील होते मी. आजही तो निकाल मला बरोबर वाटतो.

त्या दिवशी मी माहेरी, कोल्हापुरात होते. बातमी कळल्यावर मी स्वयंपाकघरात धावत गेले. आई खाली बसून माझ्या मुलाला मऊ भात भरवत होती. मी भराभरा सांगत सुटले: वॉरंट, सहा दिवस, घाई, जगण्याच्या हक्काचं कलम 21. आईला काहीच संदर्भ लागेना. "कुणाचं गं हे?" मी सांगितलं. सात माणसं, हेही एका श्वासात सांगून टाकलं, कारण मला पुढचं सांगायचं होतं. तुरुंगात जन्मलेला शबनमचा मुलगा, खुनाच्या रात्री ती गरोदर होती, सहा वर्षांनंतर मूल आईजवळ ठेवता येत नाही, त्याचा काय दोष. माझा आवाज भरून आला होता.

आईचा घास हातातच थांबला. "ते भावाचं पोर केवढं होतं म्हणालीस?"

"दहा महिन्यांचं."

माझा मुलगा तेव्हा अकरा महिन्यांचा होता. आईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, त्याला उचललं आणि आतल्या खोलीत गेली. आतून कडी लागली. मी दाराबाहेर उभी राहिले, आणि आत ती त्याच्याशी नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलत होती. भाताची वाटी तशीच जमिनीवर. संध्याकाळपर्यंत तिनं मूल माझ्या हातात दिलं नाही. मी मागितलंही नाही.

मला तेव्हा राग आला. आई, तुला कायदा कळत नाही, असं मनात म्हटलं. आज तेव्हाच्या मला सांगावंसं वाटतं, अगं, दोन मुलांपैकी एकासाठीच तुझा आवाज भरून आला होता. दुसऱ्याला तू आकड्यात घातलंस, सातातलं एक. त्याला घालून बोलून बघ आणि मग सांग, फाशी नको.

सांगते मी. पण ते म्हणताना पूर्वीसारखी ताठ नसते. शासनानं माणूस मारू नये, हे मला पटलेलं आहे. मात्र बावनखेडीतल्या त्या बाळाचं त्यानं काही फेडलं जात नाही, आणि ज्या उत्तरात ते बाळच नाही ते मला आता देता येत नाही. यातून पुढं काय, हे मला सुटलेलं नाही. 2020 मध्ये फेरविचारही फेटाळला गेला. 2021 मध्ये शबनमच्या फाशीसाठी मथुरेच्या फाशीघराच्या तयारीच्या बातम्या आल्या तेव्हा मी दोन रात्री झोपले नाही. कुणासाठी, ते मलाच नीट सांगता आलं नसतं.

आणखी एक. रेणुका शिंदे आणि सीमा गावित, लहान मुलं पळवून त्यांचे खून केल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या बहिणी, हे प्रकरण आमच्या कोल्हापूरचं. ते उघडकीला आलं त्या वर्षी आई अंबाबाईच्या देवळात माझं मनगट इतकं घट्ट धरायची की वळ उठायचे. जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या दोघींची फाशी जन्मठेपेवर आणली, दयेच्या अर्जाला सरकारनं लावलेल्या विलंबामुळं. त्या संध्याकाळी आईचा फोन आला. इतक्या वर्षांत या विषयावर तिनं स्वतःहून केलेला तो पहिलाच फोन.

"तुमच्या मनासारखं झालं म्हणे."

मी गप्प राहिले.

"त्या पोरांच्या आयांना कुणी फोन करून सांगितलं असेल का गं, आज?"

मला माहीत नाही म्हटलं. तिनं "बरं" म्हणून फोन ठेवला.