तुम्ही विचारलंत म्हणून : युरिस्थियस हेराक्लीसचा कोण लागतो?

ग्रीक पुराणातला वीर हेराक्लीस आणि त्याला बारा अवघड कामगिऱ्या सांगणारा राजा युरिस्थियस, यांची गोष्ट निघाली की हा प्रश्न हमखास येतो. इंग्रजी पुस्तकं 'कझिन' म्हणून मोकळी होतात, मग मराठीत त्याचा सरळ 'चुलतभाऊ' होऊन बसतो. तसं नाही. युरिस्थियस हेराक्लीसचा चुलत मामा. हेराक्लीसच्या आईचा नवरा ॲम्फिट्रिऑन, त्याला बाप धरलंत, तर चुलत काका.

कागद घ्या. सगळ्यात वर मायसिनीचा राजा पर्सियस. अँड्रोमिडापासून त्याला सहा मुलगे आणि एक मुलगी, असं ग्रीक पुराणकथांचा संग्राहक अपोलोडोरस सांगतो. आपल्या कामाचे तिघंच : अल्कियस, इलेक्ट्रिऑन, स्थेनेलस. खालच्या ओळीत अल्कियसचा ॲम्फिट्रिऑन, इलेक्ट्रिऑनची अल्क्मिनी, स्थेनेलसचा युरिस्थियस. ही तिघं चुलत भावंडं. त्याखाली अल्क्मिनीचा हेराक्लीस. तो आणि युरिस्थियस जन्मले आगेमागे, म्हणून लोक दोघांना एकाच ओळीत लिहितात आणि तिथेच फसतात. वयं सारखी, पिढ्या वेगळ्या. (आणि हो, होमरच्या इलियड या महाकाव्यात डायोमिडीसचा रथ हाकणारा स्थेनेलस तो वेगळा, कॅपेनियसचा मुलगा.)

आता खरी गंमत. हेराक्लीसचा खरा बाप देवांचा राजा झ्यूस, आणि पर्सियसचाही बाप झ्यूसच. म्हणजे पर्सियस हेराक्लीसचा पणजोबाही आणि सावत्र भाऊही. ही नुसती कोड्यातली मजा नव्हे, सगळं कथानक याच्यावर उभं आहे. इलियडच्या एकोणिसाव्या सर्गात झ्यूस बढाई मारतो की आज जन्मणारा माझ्या रक्ताचा पुरुष भोवतालच्या सगळ्यांवर राज्य करील. त्याची बायको हेरा त्याच्याकडून तशी शपथच वदवून घेते आणि तडक आर्गॉस गाठते. स्थेनेलसच्या बायकोला सातवा महिना असतो. हेरा तिला तेव्हाच मोकळी करते, आणि तिकडे अल्क्मिनीच्या कळा थोपवून धरते. युरिस्थियस झ्यूसचा पणतू, तेव्हा रक्त त्याचंच. झ्यूस 'माझा मुलगा' म्हणाला असता तर हेराचा डाव चालला नसता.

मुळात स्थेनेलसकडे गादी आली ती एका गाईमुळे. पळवलेली गुरं सोडवून आणताना एक गाय उधळली, ॲम्फिट्रिऑनने तिच्यावर सोटा भिरकावला, तो शिंगांवर आपटून उलटला आणि राजा इलेक्ट्रिऑनच्या डोक्यात बसला. जावई हद्दपार होऊन अल्क्मिनीसह थीब्जला, मायसिनी आणि टिरिन्स स्थेनेलसच्या घशात. हेराक्लीस थीब्जमध्ये जन्मला तो यामुळे.

तरी गादी या शाखेतही टिकली नाही. युरिस्थियसची आई निकिपी ही पेलॉप्सची मुलगी. हेराक्लीसच्या मुलांचा काटा काढायला युरिस्थियस अथेन्सच्या ॲटिका प्रांतावर चालून गेला, तेव्हा मायसिनी सख्ख्या मामाच्या हवाली करून गेला आणि तिकडेच मारला गेला. तो मामा म्हणजे ॲट्रियस, ट्रॉयच्या युद्धातला ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याचा बाप.