जालन्याशेजारचं लातूर

त्या दिवशी सहावीची तोंडी परीक्षा होती. गंगाखेड तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. मराठवाड्यातले जिल्हे विचारले, तर एक मुलगा परभणी, नांदेड, बीड एवढ्यावरच थांबला. "सकाळी येत होते मॅडम, आता सुटंनात," म्हणाला. आईवडील ऊसतोडीला गेलेले, लेकरू आजीपाशी राहतं. मी वहीत कमी गुण मांडले आणि पुढच्याला हाक मारली.

गावात सप्ताह बसला होता. संध्याकाळी हरिपाठाला गेले, तर तोच मुलगा टाळ घेऊन पहिल्या रांगेत उभा. हातात पुस्तक नाही आणि एकाही अभंगात अडखळला नाही. वहीतले ते गुण मला रात्रभर टोचत राहिले.

मोठ्या अभंगाची बांधणी शिकवताना मी फळ्यावर कितीदा लिहिली असेल: सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. म्हणजे शब्द विसरला तरी त्याची जागा राहते. तिथे सहाच अक्षरं बसणार, शेवटचा आवाज ठरलेला; चुकीचा शब्द आला की ताल मोडतो आणि कानाला लगेच कळतं. जिल्ह्यांच्या यादीत असा आधारच नाही, नांदेडनंतर काहीही येऊ शकतं. शिवाय हरिपाठ तो रोज म्हणतो आणि यादी मी वर्गात दोनदाच वाचून घेतली होती. मग दोष त्याच्या डोक्याला कसा द्यायचा? वांडा वॉलेस या संशोधिकेने १९९४ साली प्रयोगांतून दाखवलं होतं की, गाऊन ऐकवलेला मजकूर नुसत्या बोललेल्यापेक्षा जास्त आठवतो. मात्र त्यासाठी तीच चाल प्रत्येक कडव्यात परत यावी लागते. एकच कडवं ऐकवलं तेव्हा चालीचा उपयोग झाला नाही.

रात्री बोटांवर अक्षरं मोजत बसले. सकाळी फळ्यावर लिहिलं:

नांदेड हिंगोली । जालना लातूर ।
संभाजीनगर । धाराशिव ॥
परभणी बीड । जिल्हे झाले आठ ।
केले आम्ही पाठ । तालावर ॥

अक्षरांच्या हिशेबात 'छत्रपती' बसेना. लिहिताना पूर्ण नाव लिहायचं, हे बजावून सांगितलं. पोरांनी टाळ्यांवर म्हणायला सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या वेळी तो मुलगा एकटा उठला आणि आठही नावं सुरात म्हणून मोकळा झाला. मला भरून आलं.

मग मी नकाशा टांगला. "लातूर दाखव."

तो मनाशी पुटपुटला, बोट जालन्यावर ठेवलं आणि शेजारचा बीड जिल्हा दाखवला. गाण्यात जालन्याला लागून लातूर, म्हणून नकाशावरही तसंच असणार! "जालना मराठवाड्यात येतो का?" विचारलं, तर त्याला नांदेडपासून सगळं म्हणत यावं लागलं. चालीने नावं दिली होती, पण क्रमाला बांधून. जिल्हा कुठे आहे, त्याच्या शेजारी कोण, हे मला वेगळंच शिकवावं लागणार होतं.

दुपारच्या सुट्टीनंतर व्हरांड्याच्या फरशीवर खडूने मोठा नकाशा काढला. गात गात त्या-त्या जिल्ह्यात उडी मारायची. त्याची पाळी आली. नांदेड, हिंगोली सहज झालं. जालन्यात तो उभा राहिला, लातूर हेरलं, मधला बीड एका उडीत ओलांडायला गेला आणि बीडमध्येच पडला.

गुडघा झाडत उठला. "मॅडम, गाण्यात लई जवळ हाय, पण हितं तर लांबच हाय की!"

आणि मागे जाऊन त्याने पुन्हा नांदेडपासून सुरुवात केली.