ऑक्सफर्डची समर स्कूल: हीथ्रोच्या मिनीबसचे पैसे भरण्याआधी वाचा

ऑक्सफर्डमध्ये जुलै-ऑगस्टला भरणाऱ्या बहुतेक समर स्कूल ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नसतात. पुण्यात हे कुणी धड सांगत नाही, म्हणून आधी तेच लिहिते. सुट्टीत कॉलेजांच्या खोल्या रिकाम्या असतात. खासगी कंपन्या त्या भाड्याने घेतात आणि जगभरच्या आमच्यासारख्या शाळकरी मुलांसाठी कोर्स चालवतात. पुण्यातल्या सेमिनारमध्ये पडद्यावर ऑक्सफर्डच्या ‘रॅडक्लिफ कॅमेरा’ या गोल ग्रंथालयाचा घुमट दाखवून आई-बाबांना सांगितलं गेलं, ‘प्रोफाइल स्ट्राँग होईल.’ माझ्या सर्टिफिकेटवर सही-शिक्का कंपनीचा आहे. विद्यापीठात खरोखर शिकायचं तर १५ ऑक्टोबरपर्यंत अर्ज, बहुतेक विषयांना प्रवेशपरीक्षा आणि डिसेंबरात मुलाखत. तिथे या कागदाला काडीची किंमत नाही. विद्यापीठाचा स्वतःचा ‘युनिक’ हा मोफत उपक्रम आहे, पण तो ब्रिटनमधल्या सरकारी शाळांच्या मुलांसाठीच. केवळ प्रवेशाच्या आशेने जात असाल तर जाऊ नका.

आता हीथ्रो. विमानतळावरून ऑक्सफर्डला न्यायचे कंपनीने १४० पौंड लावले, तेही एका बाजूचे. मुंबईचं विमान सकाळी उतरलं. पाटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने मला खुर्चीवर बसवलं आणि तो इस्तंबूलच्या विमानाची वाट बघत बसला. मग मिलानच्या. मग दोन मुलं दुसऱ्याच टर्मिनलवर उतरलीत म्हणून सगळी वरात तिकडे. दुपार टळल्यावर मिनीबस हलली, तर एम४० महामार्गावर ट्रॅफिक. डोळे मिटत होते, पोटात विमानातल्या नाश्त्यानंतर काही नव्हतं. गाडीत आम्ही ११ जण होतो आणि विचारलं तर प्रत्येकाने तेवढेच पैसे भरलेले. म्हणजे पाऊणशे किलोमीटरसाठी १५४० पौंड! ही सरळसरळ लूट आहे.

हीथ्रोहून ऑक्सफर्डच्या ग्लॉस्टर ग्रीन स्थानकापर्यंत ‘द एअरलाइन’ नावाची बस रात्रंदिवस धावते. साधारण दीड तास लागतो आणि भाडं त्या १४० पौंडांच्या पाव हिश्श्याच्या आसपास. सोबत आई किंवा बाबा येणार असतील तर दुसरा विचारच करू नका. लहान मुलांना कंपन्या एकटं येऊ देत नाहीत. त्यांच्या पालकांनी पैसे भरण्याआधी ईमेलवर लिहून घ्यावं: गाडी एकट्यासाठी की सगळ्यांची मिळून, आणि जास्तीत जास्त किती वेळ थांबवणार.

व्हिसाचंही तसंच. अठराच्या आतल्या मुलांच्या व्हिसावर मोठ्या माणसासोबत की एकटं, अशी नोंद असते. ‘सोबत’चा व्हिसा असेल तर त्यावर नोंदलेल्या व्यक्तीबरोबरच जावं लागतं, एकटे गेलात तर परत पाठवू शकतात. अर्ज एजंटने भरला तरी हा रकाना स्वतः वाचा. आई-बाबांचं संमतिपत्र हातातल्या बॅगेत ठेवा, मला ते इमिग्रेशनला काढावं लागलं. संस्थेला ब्रिटिश कौन्सिलसारख्यांची मान्यता आहे का, तेही आधीच बघून घ्या.

शिकवणं मात्र अप्रतिम होतं, ते मी कुणाशीही भांडून सांगेन. माझा विषय कायदा. ट्यूटर आणि आम्ही तिघं. आदल्या रात्री लिहिलेला निबंध मोठ्याने वाचायचा आणि त्यातलं प्रत्येक वाक्य लढवायचं. पहिलाच खटला १८९२चा, कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी. आमचं औषध वापरूनही फ्लू झाला तर १०० पौंड देऊ, अशी जाहिरात कंपनीने केली होती. वर १००० पौंड बँकेत ठेवल्याचंही छापलं होतं. एका बाईंना फ्लू झाला, कंपनी नाही म्हणाली, कोर्टाने पैसे द्यायला लावले. त्या रात्री मी आमचं ब्रोशर काढून ओळीओळीने वाचलं. ‘विद्यापीठाचा कोर्स’ असं त्यात कुठेच नव्हतं, फक्त ‘ऑक्सफर्डमध्ये’ होतं. विद्यापीठाचं सगळं तोंडीच सांगितलेलं.

शाकाहारींची आबाळ होते, रोज उकडलेला बटाटा आणि चीज. काउली रोडवर देशी दुकानं आहेत. अ‍ॅशमोलियन संग्रहालय फुकट आहे, बघा. बारावीत असाल तर अजिबात जाऊ नका: आपली शाळा जूनमध्ये सुरू होते, त्यांची सुट्टी जुलैत, आणि बुडालेला अभ्यास कुणी भरून देत नाही.

परतीला मी हट्टाने बस घेतली. सतराव्या वर्षी एकटीने निघायला कंपनीने पालकांच्या सहीचं वेगळं पत्र मागितलं, आणि पुण्यात तेव्हा मध्यरात्र होती. ते पत्र निघण्यापूर्वीच सही करून, स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेवा.