पाण्याची लुडबुड

ॲसेटिक, बेन्झोइक अशा कार्बोक्झिलिक आम्लांच्या वाटेला गेलं की पाण्याशी गाठ ठरलेलीच. कुठे ते नको असतं, कुठे त्याच्यावाचून अडतं.

ग्रिन्यार अभिकारक (मॅग्नेशियमचं कार्बनी संयुग) कोरड्या बर्फावर, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइडवर ओतला, नंतर खनिज आम्ल घातलं की कार्बोक्झिलिक आम्ल सुटतं. कागदावर दोन ओळींचं काम. पण बर्फावर हवेतलं बाष्प गोठून पांढरा थर चढला असेल, तर अभिकारक आधी त्या पाण्यावर तुटून पडतो आणि हाती नुसता हायड्रोकार्बन लागतो. बर्फ म्हणूनच आयत्या वेळी फोडायचा. टोल्यूइनपासून बेन्झोइक आम्ल करताना मात्र सगळं पाण्यातच चालतं. १ ग्रॅम टोल्यूइनला साधारण ३.४ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट, भरपूर उकळणं, आणि शेवटी तपकिरी मँगनीज डायऑक्साइडचा चिवट गाळ. तो गरम असतानाच गाळून टाकावा.

खरी गंमत एस्टरची, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणाऱ्या संयुगाची. ॲसेटिक आम्ल आणि इथेनॉल समान मोल घेतले, तर दोन तृतीयांशाच्या आसपास एस्टर होतो आणि गाडी तिथेच थांबते. संहत सल्फ्युरिक आम्लाचे थेंब वाढवा, तासन्‌तास उकळा, काही फरक पडत नाही. समतोल लवकर येतो इतकंच. एस्टरबरोबर तयार झालेलं पाणी निरोप घेऊनही दारात बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं, जाता जाता एस्टरला परत फोडत बसतं. अल्कोहोल तिप्पट घेतलं की मात्र आम्लाचं रूपांतर नव्वद टक्क्यांवर जातं. जे स्वस्त ते जास्त घ्यावं, हा साधा हिशेब.

पुढचं धुणं घाईचं नाही. ऊर्ध्वपातनाने मिळालेल्या एस्टरमध्ये उरलेलं आम्ल सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने काढतात. ते थोडं थोडं ओतायचं, फेस बसू द्यायचा, मगच विभाजक नरसाळ्याला बूच लावायचं. उलटं धरून तोटी उघडत वायू सोडत राहायचं. घाई केली की बूच उडतं. बायकार्बोनेटऐवजी कॉस्टिक सोडा वापरण्याची हुशारी करू नये, तो एस्टरच खाऊन टाकतो. शेवटच्या ऊर्ध्वपातनात शुद्ध इथिल ॲसिटेट, म्हणजे आपला हा एस्टर, ७७ अंशांना यायला हवं. ७० अंशांच्या आसपासच थेंब पडू लागले, तर समजावं की वाळवणं कमी पडलंय आणि पाणी एस्टरचा हात धरून वर चढतंय.

कॉस्टिकचा हा खादाडपणा एस्टर मुद्दाम फोडायचा असेल तेव्हा कामाला येतो. अशा अल्कलीत तयार झालेला कार्बोक्झिलेट (आम्लाचं क्षारातलं रूप) ऋणभारित असतो, अल्कोहोल त्याला पुन्हा जोडलं जात नाही, त्यामुळे इथे समतोलाची रडारड नाही. बेन्झोइक आम्लाचा एस्टर असा फोडून ते आम्ल हवं असेल तर थंड द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घालत जायचं, पांढरा साका दिसला म्हणून थांबायचं नाही. पीएच ४.२ ला द्रावणात राहिलेलं निम्मं आम्ल अजून क्षाराच्या रूपातच असतं. दोनपर्यंत उतरवावं, मग गाळावं.