नळातून मुंग्या

नळाला हात लावला की मुंग्या येतात, एवढीच तक्रार. घरातल्या आजी आठ दिवस सांगत होत्या, बाकीचे ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देत होते. मग सूनबाई ओल्या पायांनी न्हाणीघरात गेल्या आणि किंचाळल्या, तेव्हा मला, म्हणजे इलेक्ट्रिशियनला, फोन आला.

टेस्टर मिणमिणला. पण टेस्टरचं काय, तो नुसत्या इंडक्शननेही पेटतो. मल्टीमीटरने नळ आणि अर्थिंगमध्ये मोजलं, ९४ व्होल्ट. गिझर बंद केला, आकडा पडला. प्लग उघडला तर हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर कापून, मागे दुमडून, वर टेप अगदी नीटनेटकी गुंडाळलेली. इतक्या मन लावून केलेला घोळ मी क्वचितच पाहिला असेल.

डीबी, म्हणजे घराचा मुख्य वायरिंग बोर्ड, उघडल्यावर उरलेली गोष्ट कळली. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, जागेवर होती, पण दोन तारा तिला वळसा घालून थेट पुढे नेलेल्या. ‘सारखी ट्रिप व्हायची, आधीच्या माणसाने डायरेक्ट करून दिली,’ मालक म्हणाले. ‘एमसीबी आहे की!’

एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा करंट कळतसुद्धा नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघते. ३० मिलिअँपिअरची तफावत झाली की तोडते. मी वळशाची वायर कापून दाखवतच हे सांगितलं, नाहीतर लोक ऐकत नाहीत.

मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर. गिझरची कॉइल त्यावर शून्याजवळ, म्हणजे गेलेलीच. गिझर बाजूला काढला, अर्थिंग जोडलं, आरसीसीबी पुन्हा लाइनमध्ये घेतली आणि पंखा लावताच ती पडली. पुन्हा चढवली, पुन्हा पडली.

‘दादा, राहू द्या ना डायरेक्टच,’ मालक. मी म्हटलं, मग मी हत्यारं आवरतो.

सगळी उपकरणं काढली, न्यूट्रल एकेक करून लिंकमधून, म्हणजे ते एकत्र जोडलेल्या पट्टीतून, सोडवले, प्रत्येकाचं अर्थशी मेगरिंग. दोन तास गेले. शेवटी बेडरूमच्या स्विचबोर्डाचा लोखंडी डबा सापडला, त्याचा स्क्रू न्यूट्रलच्या इन्सुलेशनमध्ये घुसलेला, म्हणजे न्यूट्रलचा करंट डब्यातून अर्थमध्ये गळत होता. आधीच्या माणसाने ट्रिपिंग थांबवायला गिझरची अर्थ कापली, तरी ट्रिपिंग थांबलं नाही, म्हणून आरसीसीबीच वगळली. दोन फॉल्ट होते आणि त्याला एकही सापडला नव्हता.

मालकांनी विचारलं, पुढच्या वेळी माणूस कसा ओळखायचा? परवाना बघा, म्हटलं, पण पिशवीसुद्धा बघा. मेगर नसेल तर तो लीकेज शोधणार कशाने? आणि ट्रिप का होतं हे विचारा. ‘आरसीसीबीच खराब आहे’ असं न मोजता म्हणाला, तर दारातूनच परत पाठवा.

निघताना आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलं, घर अंधारलं.

‘अगंबाई, गेली!’ आतून आजी.

‘गेलीच पाहिजे, आजी. दर महिन्याला एकदा तुम्हीच घालवत जा.’